इंजिनापासून सहावा डबा

परवा शेजारचा मुलगा त्याचा जुना लॅपटॉप घेऊन आला. काळ्या पडद्यावर 'नो सच पार्टिशन', खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारा कर्सर. दुकानवाल्यानं 'हार्डडिस्क गेली' म्हणून हात झटकले होते. डिस्क ठणठणीत होती. स्वारीनं फक्त जागा मोकळी करायला एक रिकामं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, उडवलं होतं.

बायोसवर (मशिन जागं करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामवर) चालणारं मशिन सुरू झालं, की डिस्कचा पहिला सेक्टर तेवढा वाचतं. ५१२ बाइट. त्यातले ६४ पार्टिशनच्या तक्त्याला, २ शेवटच्या खुणेला. सूचनांसाठी उरतात ४४६. एवढ्यात फाइल म्हणजे काय हेही शिकवता येत नाही. म्हणून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, हा पहिला तुकडा एवढंच जाणतो, की पुढचा तुकडा कितव्या सेक्टरवर आहे. तो दुसरा तुकडा पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या फटीत बसतो. जुन्या डिस्कवर ही फट ६२ सेक्टरांची, म्हणजे ३१ किलोबाइटची. याला फाइली वाचता येतात, आणि बाकीचा ग्रब कुठे आहे त्याचा पत्ता याच्या पोटात लिहिलेला असतो: 'याच डिस्कचं सहावं पार्टिशन'.

गोम इथे आहे. त्या ६४ बाइटांत चारच नोंदी मावतात. जास्त पार्टिशनं हवी असतील तर एका नोंदीच्या आत लॉजिकल पार्टिशनांची साखळी ओवतात. प्रत्येक कडी पुढची कडी कुठे ते सांगते. पण क्रमांक कुठेच लिहिलेला नसतो! साखळी चालत जायचं आणि पाचपासून मोजायचं (एक ते चार त्या चार नोंदींचे). 'इंजिनापासून सहाव्या डब्यात आहे' असं मामाला कळवावं आणि मधल्या स्टेशनात पाचवा डबाच काढून घ्यावा, तसं झालं. लिनक्स जागचं हललं नव्हतं, फक्त सहाचं पाच झालं होतं. (नव्या जीपीटी तक्त्यात प्रत्येकाची नोंद आपापल्या घरात राहते, तिथे ही भानगड नाही.)

दसऱ्याला सीपीयूला झेंडूचा हार घालणाऱ्यांना आपण हसतो. 'फॉरमॅट मारला की सगळं बरं होतं' ही श्रद्धाही त्याच जातीची.

रेस्क्यूमध्ये ग्रबला मोजून चार आज्ञा कळतात. 'एलएस'नं यादी काढली. ग्रब डिस्क शून्यापासून मोजतो आणि पार्टिशन एकपासून. इथे भलेभले चकतात. पाचव्यात डोकावलो तर बूट, होम, सगळे फोल्डर जागेवर. 'सेट'नं रूट आणि प्रीफिक्स (ग्रबनं कुठे शोधायचं ते पत्ते) पाचकडे वळवले, 'इन्समॉड नॉर्मल'नं नेहमीचा ग्रब आत घेतला, मग 'नॉर्मल'. मेनू आला. लिनक्सही सुरू झालं, कारण मेनूतल्या नोंदी पार्टिशन शोधतात ते क्रमांकावरून नाही, यूयूआयडीवरून, म्हणजे प्रत्येकावर कोरलेल्या वेगळ्या ओळखखुणेवरून.

पण हे सारं मेमरीत. बंद केलं की पुन्हा सहा. म्हणून आत शिरल्याबरोबर ग्रब-इन्स्टॉल चालवलं, अख्ख्या डिस्कचं नाव देऊन, पार्टिशनचा आकडा न लावता, मग अपडेट-ग्रब.

"काका, त्या मोकळ्या जागेत आता नवीन पार्टिशन करू?"

आधी पेनड्राइव्हवरूनच सुरू होणारं लाइव्ह लिनक्स करून आण, म्हटलं.