डिझाइन ऑफिसातली मोडलेली पायरी

पुसद, दर्यापूर, दारव्हा अशा विदर्भातल्या गावांतली मुलं सिव्हिल इंजिनिअरिंग करतात, जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्याकडे, लागतात आणि अनुभवाचा दाखला हातात पडला की पुण्याची वाट धरतात. पोरं टिकत नाहीत, ही कन्सल्टंटांची नेहमीची तक्रार. तिची मुळं बरीच मागे जातात.

१९८३ पर्यंत विदर्भात सिव्हिलची पदवी मुख्यतः दोनच ठिकाणी मिळे: नागपूरचं विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे व्हीआरसीई (१९६०) आणि अमरावतीचं शासकीय महाविद्यालय (१९६४). शिकलेल्यांचा ओढा पाटबंधारे, बांधकाम खातं, वीज मंडळ यांकडे. खासगी डिझाइन ऑफिसं थोडी आणि लहान. एक साहेब, एखाद-दुसरा इंजिनिअर आणि ड्रॉइंग काढणारा ड्राफ्ट्समन.

या ड्राफ्ट्समनची नोंद कुठेच नीट झालेली नाही, याचं मला वाईट वाटतं. तो बहुधा आयटीआय झालेला असे. बीम-कॉलमच्या सांध्यात सळयांची इतकी दाटी झाली की काँक्रीट खाली उतरणार नाही, हे ट्रेसिंग पेपरवर रेघ ओढतानाच त्याच्या लक्षात येई. नवा इंजिनिअर त्याच्याशेजारी बसून बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कुठली सळई किती लांब आणि कशी वाकवायची याचा तक्ता, लिहायला शिके. मग तेच शेड्यूल घेऊन साइटवर जायचं, स्लॅब भरण्याआधी सळया मोजायच्या, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) पाहायचं, लॅप (दोन सळयांचा जोड) कुठे आलाय ते तपासायचं. डिझाइन त्यानंतर हाती येई.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी केली. त्याच वर्षी शेगाव आणि पुसदला अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली. शेतकऱ्याच्या घरात पदवी आली, ही मोठीच गोष्ट. पुढे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारं ऑटोकॅड आलं, डिझाइनचं गणित करणारं स्टॅड आलं, ड्रॉइंग बोर्ड गेले आणि त्यांच्यासोबत ड्राफ्ट्समनही गेला. २००१ च्या भूज भूकंपानंतर भूकंपरोधक डिझाइनकडे लक्ष वाढलं, पुढच्याच वर्षी आयएस १८९३ या भूकंपरोधक डिझाइनच्या भारतीय मानकाची नवी आवृत्ती आली. आता फ्रेशर थेट कॉम्प्युटरवरच्या मॉडेलवर बसतो. ड्राफ्ट्समनशेजारी आणि साइटवर शिकण्याची मधली पायरी परत बांधायचं मात्र राहूनच गेलं.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत स्ट्रक्चरल इंजिनिअरसाठी पदवीनंतर ३ वर्षांचा अनुभव सांगितला होता, पदव्युत्तर असल्यास २. त्यात डिझाइनसोबत प्रत्यक्ष साइटचं कामही धरलेलं होतं. ऑफिसात बसून काढलेली वर्षं त्या अटीत कशी बसवायची, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

साइट न पाहता डिझाइन करणं आपल्याकडे जास्त महाग पडतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ राहिला तर प्लिंथपासून भिंती तडकतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच जमिनीसाठी तळाशी फुगीर असे अंडररीम्ड पाइल (जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब) विकसित केले. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर पाणीच खारं. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. दर्यापूरकडच्या साइटवर मिक्सरपाशी उभा राहिलेला इंजिनिअर आधी विचारतो, 'पाणी कुठलं? बोअरचं की टँकरचं?' पुण्यातल्या टॉवरचं मॉडेल करणाऱ्याला हा प्रश्न सुचण्याचं कारणच नसतं.

आता घरून काम करता येतं. दारव्ह्यात राहून पुण्याचा पगार घेणारे इंजिनिअर आहेत. अमरावती-अकोल्याच्या कन्सल्टंटांनी त्यांना स्लॅब चेकिंगला सोबत न्यायला आजपासून सुरुवात करावी, त्या दिवसाचे पैसे द्यावेत आणि दाखल्यावर साइटचं नाव लिहावं.