व्हिक्टोरियन टाइलवरची छटा येते कुठून?

व्हिक्टोरियन काळातली एखादी इंग्लिश नक्षीदार टाइल जवळून पाहा. पानाचा हिरवा रंग कडेला फिकट आणि शिरांपाशी जवळजवळ काळपट दिसतो. कुणा चित्रकाराने निगुतीने रंगवलं असेल, असंच वाटतं. पण ही छटा कुंचल्याची नसतेच. टाइलवर नक्षी उंचसखल उठवलेली असते आणि तिच्यावर एकाच रंगाची पारदर्शक झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, दिलेली असते. भट्टीत झिलई वितळते, खळग्यांत साचते, उंचवट्यांवर पातळ होते. थर जाड असेल तिथे प्रकाश जास्त शोषला जातो आणि रंग गडद दिसतो. त्यामुळे माझ्या लेखी इथला खरा कलावंत म्हणजे साचा कोरणारा.

रंग धातूंच्या ऑक्साइडचे: तांब्याचा हिरवा, कोबाल्टचा निळा, लोखंडाचा मधासारखा, मँगनीजचा जांभळट.

शेजारचे दोन रंग भट्टीत एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये बांध हवा. तो साच्यातच कोरत, किंवा मेंदीच्या कोनासारख्या साधनातून पातळ मातीची रेघ हाताने ओढत. 1900च्या आसपासच्या आर्ट नूव्हो, म्हणजे वळणदार वेलीफुलांच्या शैलीतल्या टाइलांवर या रेघा बोटाला लागतात.

टाइल सपाट ठेवणं मात्र जिकिरीचं. ओली माती वाळताना आकसते, आणि सगळीकडून सारखी वाळली नाही की वाकते. यावर तोड निघाली ती बटणांमुळे! रिचर्ड प्रॉसरने 1840 मध्ये जवळजवळ कोरडी, भुकटी केलेली माती धातूच्या साच्यात जबर दाबून बटणांसारख्या वस्तू घडवण्याचं पेटंट घेतलं. इंग्लंडमधल्या स्टोकच्या हर्बर्ट मिंटन या कारखानदाराने ती युक्ती टाइलांसाठी उचलली. पाणीच कमी, त्यामुळे आकसणंही कमी. मग एक भाजणी मातीची, दुसरी झिलईची.

झिलईला ती ओलसर चमक यायची शिशामुळे. शिसं झिलईचा वितळणबिंदू खाली आणतं आणि ती सहज पसरते. पण कच्चं शिसं कामगारांच्या पोटात जाई. झिलईत टाइल बुडवणाऱ्यांना शिशाची विषबाधा होई. यावर उपाय होता: शिसं आधी वाळूबरोबर वितळवून काच करायची आणि ती दळून वापरायची, म्हणजे ते शरीरात सहज विरघळत नाही. सरकारी रसायनतज्ज्ञ थॉर्प यांनी 1899 मध्ये नेमका हाच आग्रह धरला. कारखानदारांनी मात्र बरीच खळखळ केली.