लांदेवेनेक : मठावरून नाव पडलेलं गाव

फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताच्या पश्चिम टोकाला ओन नदी ब्रेस्तच्या खाडीला मिळते, तिथे क्रोझों द्वीपकल्पाच्या कुशीत लांदेवेनेक वसलंय. वस्ती जेमतेम साडेतीनशेची. पश्चिमेचं वारं डोंगर अडवतो, त्यामुळे इतक्या उत्तरेला असूनही इथे ताडाची झाडं दिसतात.

गावाचं नावच मठाचं आहे. 'लान' म्हणजे पवित्र जागा, मठ. पुढे येतो संत ग्वेनोले, पण लाडाच्या रूपात, 'तो-विनोक' म्हणून. आपल्याकडे ज्ञानेश्वरांचा ज्ञानोबा झाला, तसंच हे. पाचव्या शतकाच्या अखेरीस त्याने मठ स्थापला असं परंपरा सांगते. समुद्राने गिळलेल्या ईस नगरीचा राजा ग्रादलों याची म्हणून एक कबरही अवशेषांत दाखवतात. ती दंतकथाच समजावी.

कागदावरचा भक्कम दुवा ८१८ सालचा. ब्रिटनीवर चालून आलेला फ्रँक सम्राट लुई धर्मनिष्ठ छावणी टाकून असताना मठाधिपती मात्मोनोक त्याला भेटला. इथले साधू आयरिश रीतीने राहतात, डोकंही तसंच भादरतात, हे कळल्यावर सम्राटाने फर्मान काढलं : यापुढे संत बेनेडिक्टचे नियम पाळायचे. डोकं कसं भादरावं हा तेव्हा राजकारणाचाही प्रश्न होता!

पण जुनं वळण लगेच जात नाही. मठातच तयार झाली असं मानली जाणारी शुभवर्तमानांची, म्हणजे येशूच्या चार चरित्रांची, एक पोथी आज न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. तिच्यात त्यातल्या एका चरित्राचा लेखक संत मार्क याला चक्क घोड्याचं तोंड आहे. त्याचं ठरलेलं चिन्ह सिंह. मग घोडा कुठून आला? ब्रिटनीच्या ब्रेटन भाषेत घोड्याला 'मार्ख' म्हणतात. लिहिणाऱ्याला ही कोटी सुचली असावी, आणि त्याने ती पानावर उतरवली. याच नवव्या शतकात मठाधिपती वुर्दिस्तेनने ग्वेनोलेचं चरित्र लिहिलं. सम्राटाचं ते फर्मान आपल्याला कळतं ते त्यातूनच.

९१३ मध्ये व्हायकिंगांनी मठ उद्ध्वस्त केला. साधू संताच्या अस्थी घेऊन उत्तर फ्रान्समधल्या मोंत्रय-स्युर-मेरला पोचले. मठाधिपती जाँ याच्याच आग्रहावरून इंग्लंडमध्ये आश्रयाला असलेला ब्रेटन सरदार आलाँ बार्बतोर्त ९३६ मध्ये परतला, त्याने व्हायकिंगांना हुसकलं आणि मठ पुन्हा उभा राहिला. आज दिसतात ते खांब आणि कोरीव शीर्षं त्यानंतर रोमनेस्क या मध्ययुगीन शैलीत बांधलेल्या चर्चची.

पुढची शतकं उतरणीचीच. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ जप्त झाला, विकला गेला आणि त्याची दगडखाण झाली. १९५० मध्ये केरबेनेआ मठाच्या बेनेडिक्टाइन साधूंनी ही जागा विकत घेतली. अवशेषांना हात न लावता त्यांनी वर चढावर नवा मठ बांधला. १९५८ पासून ते तिथे राहतात. खाली १९७८ पासून वर्षानुवर्षं उत्खनन चाललं, आता शेजारी संग्रहालय आहे. वर साधू प्रार्थना करतात आणि फळांच्या गराच्या साखरेत घोळलेल्या वड्या करून विकतात.