मशागत आणि राखण: नाशिकच्या जंगलपट्ट्यातील ख्रिस्ती भूमिकेची पार्श्वभूमी

आदिवासींच्या वनजमिनीच्या हक्काबाबत ख्रिस्ती भूमिका कशी घडली, हे पाहायला सुरुवात बायबलपासून करावी लागते. मराठी बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात माणसाला जमिनीविषयी दोन आज्ञा आहेत. पहिल्या अध्यायात पृथ्वी ‘सत्तेखाली आणा’ म्हटले आहे. दुसऱ्यात माणसाला बागेत ठेवले ते तिची ‘मशागत व राखण’ करायला. कित्येक शतके चर्चने आणि राजांनी पहिली आज्ञा मोठ्याने वाचली. १४५२, १४५५ आणि १४९३ सालच्या पोपच्या फर्मानांनी पोर्तुगाल आणि स्पेनच्या राजांना बिगरख्रिस्ती प्रदेश ताब्यात घेण्याची मुभा दिली. ज्यांच्याकडे युरोपला समजेल असा कागद नव्हता, त्यांची जमीन बेवारस ठरली.

इंग्रजांनी इथे त्या फर्मानांचा आधार घेतला नाही, गृहीतक मात्र तेच होते. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी कागद नसलेले जंगल सरकारचे ठरवले. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या भागांतल्या कोकणा, वारली आणि महादेव कोळी शेतकऱ्याला याची झळ सर्वांत आधी राबात लागली. राब म्हणजे रोपासाठी भाजून तयार केलेला वाफा. पावसाआधी जमिनीवर शेणाचा थर द्यायचा, त्यावर ऐनासारख्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या, मग पालापाचोळा आणि गवत, वर बारीक माती, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावायची, म्हणजे ती सावकाश धुमसते. तणाचे बी जळते, राख खत होते आणि त्या वाफ्यात नागली, वरई, भाताचे रोप जोमाने येते. झाड मरत नाही, फांद्या पुन्हा फुटतात. वन खात्याच्या हिशेबात मात्र ही झाडांची नासधूस होती. मग छाटणीवर बंधने आली, दंड आले. पुढे अनेकांच्या हाती उरले ते वर्षावर्षाने मिळणारे एकसाली प्लॉट: जमीन कसा, पण स्वतःला मालक म्हणू नका.

त्या काळात नाशिकचे मिशन शहराच्या कडेला होते. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली शरणपूर वसवले. आजचा शरणपूर रोड त्याच नावाचा. समुद्रावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत वारलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी-प्रवाशाच्या शवासोबत १८७४ साली लंडनपर्यंत गेला. न्यायाची ही परंपरा खरी होती, पण ती माणसापाशी थांबली. माणूस ज्या जमिनीवर उभा असतो तिथवर गेली नाही. वेशीवरचा वाघदेव, मार्गशीर्षातला डोंगऱ्यादेव, धान्याची कणसरी माता यांना मिशनऱ्यांच्या लेखी सहसा मूर्तिपूजेपलीकडे जागा नव्हती. जंगल राखायची एक जुनी शिस्त त्या श्रद्धेत होती, हे ओळखायला चर्चला फार उशीर झाला, आणि ते कबूल केलेच पाहिजे.

वळण आधी दुसरीकडे आले. छोटा नागपुरात, म्हणजे आजच्या झारखंडात, जॉन हॉफमन या जेसुइट (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) पाद्रींनी मुंडा आदिवासींच्या जमिनीच्या रिवाजांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९०८ च्या छोटा नागपूर कुळ कायद्याच्या घडणीत हातभार लावला. आदिवासींची जमीन बाहेरच्यांच्या हाती जाण्याला त्या कायद्याने अटकाव केला. आपल्या शेजारी डहाणूत १९७८ साली कष्टकरी संघटना उभी राहिली, तीत जेसुइट संघातून आलेले कार्यकर्ते होते. त्याच संघटनेच्या प्रदीप प्रभूंच्या ‘प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली वनजमिनीच्या दाव्यांसाठी केवळ कागदी पुराव्यावर अडून बसू नये असे सांगितले. कागद नसणे म्हणजे हक्क नसणे, या जुन्या गृहीतकाला तो थेट धक्का होता.

जागतिक चर्चची भाषाही याच काळात बदलली. चर्चेसच्या जागतिक परिषदेने १९८३ साली व्हँकूव्हरला न्याय, शांती आणि सृष्टीची अखंडता हे तीन शब्द एकत्र बांधले, तर २०१२ साली ‘शोधाच्या सिद्धांता’चा, म्हणजे पोपच्या त्या जुन्या फर्मानांमागच्या विचाराचा, निषेध केला. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात आदिवासींना त्यांच्या भूमीवरच्या मोठ्या प्रकल्पांबाबत संवादातले प्रमुख भागीदार म्हटले आहे. व्हॅटिकनने तो सिद्धांत औपचारिकपणे नाकारला तो ३० मार्च २०२३ रोजी, म्हणजे १४९३ च्या फर्मानानंतर ५३० वर्षांनी.

द्राक्षांच्या नाशिकला हा सगळा वाद एका गोष्टीत सापडेल. बायबलमधल्या अहाब राजाला नाबोथ या प्रजाजनाचा द्राक्षमळा हवा होता. बदली मळा किंवा रोख रक्कम, दोन्ही त्याने देऊ केले. नाबोथाने नकार दिला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. मग राजाच्या शिक्क्याची पत्रे गेली, गावसभा भरली, दोन खोटे साक्षीदार उभे राहिले आणि नाबोथाचा जीव गेला. वतन म्हणजे विकायची वस्तू नव्हे, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यातला पट्टाही नेमका तसाच आहे: वारसाने मिळतो, विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही.

या कायद्यात मशागत आणि राखण दोन्ही आहेत. वैयक्तिक दाव्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेली जमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर, पती-पत्नीच्या संयुक्त नावावर मिळते. सामूहिक दाव्यात गावाला आपले जंगल राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तो २००९ साली मिळवला. ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती नेमते, त्यात किमान दोन-तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे आणि एक-तृतीयांश महिला लागतात. पुरावे किमान दोन हवेत: जुनी दंड पावती, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, विहीर, बांध, दफनभूमी. दावा अडतो तो बहुधा इथे: सभेला निम्मी गणसंख्या नसते, ठरावावर सह्या अपुऱ्या असतात, मोजणीत कसलेली जमीन कमी भरते, किंवा उपग्रह छायाचित्र दाखवून दावा फेटाळतात. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार छायाचित्र पूरक पुरावा आहे, इतर पुराव्याची जागा ते घेऊ शकत नाही. नकार कारणांसह लेखी कळवावा लागतो आणि त्यावर ६० दिवसांत अपील करता येते. नकाराचा कागदच हाती आला नाही तर मुदत कधी सुरू झाली हेच सांगता येत नाही, म्हणून पोच मागून घ्यावी. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या हजारो शेतकऱ्यांच्या मुख्य मागण्यांपैकी एक याच रखडलेल्या दाव्यांची होती.

पाड्यांवर एक भीती मुद्दाम पसरवली जाते: ख्रिस्ती झालात तर जमातीचा दाखला आणि पट्टा जाईल. १९५० च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. ती अनुसूचित जातींच्या आदेशात आहे. वनहक्काच्या दाव्यातही धर्म विचारत नाहीत. या भीतीने पाड्यात दोन गट पडले की गणसंख्या भरत नाही, आणि सामूहिक दावा ख्रिस्ती घराचाही अडतो, डोंगऱ्यादेवाला जाणाऱ्या घराचाही.