नवी आवृत्ती आली आणि मेंदूची जाडी बदलली

एमआरआयच्या चित्रांवरून मेंदू मोजणाऱ्या 'फ्रीसर्फर' या मोफत सॉफ्टवेअरची आठवी आवृत्ती २०२५ मध्ये आली. कवटी वगळणे, मेंदूचे भाग ओळखणे ही कामे आता न्यूरल नेटवर्क करतात आणि वेळही बराच वाचतो. मग अभ्यास अर्ध्यावर असतानाच ती बसवून टाकण्याचा मोह होतो. तो आवरायचा, कारण जाडीचा आकडा एमआरआय यंत्र देत नाही, सॉफ्टवेअर काढते.

मेंदूच्या बाहेरच्या राखाडी थराची, म्हणजे कॉर्टेक्सची, जाडी सरासरी २.५ मिलिमीटर. नेहमीच्या टी-१ (पांढरे द्रव्य उजळ, राखाडी मंद दाखवणाऱ्या) चित्रातला एकेक ठोकळा (व्हॉक्सेल) १ मिलिमीटरचा. म्हणजे थरात जेमतेम दोन-तीन ठोकळे बसतात आणि आतल्या कडेच्या ठोकळ्यांत अर्धे राखाडी, अर्धे त्याखालचे पांढरे द्रव्य असते. तरी निकाल मिलिमीटरच्या शतांशात येतात, आणि त्यात हातचलाखी नाही.

आधी पांढऱ्या द्रव्याभोवती त्रिकोणांचे जाळे विणले जाते. एका गोलार्धाला साधारण दीड लाख बिंदू. प्रत्येक बिंदू उजेडाचा उतार बघत पुढे-मागे सरकतो आणि पांढरे संपून राखाडी सुरू होते तिथे थांबतो. ही सीमा ठोकळ्याच्या मधोमधही पडू शकते. मग तेच जाळे बाहेर ढकलतात, राखाडी संपून मेंदूद्रव लागेपर्यंत. आतल्या बिंदूपासून बाहेरच्या जाळ्यापर्यंतचे सर्वांत कमी अंतर, तिथून आत परत येतानाचे सर्वांत कमी अंतर, आणि या दोहोंची सरासरी म्हणजे त्या जागची जाडी. खोल वळीत दोन भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, मधला द्रव दिसतच नाही. तिथे उजेड काही सांगत नाही. 'जाळे गुळगुळीत राहावे, स्वतःला छेदू नये' हे नियमच सीमा ठरवतात. नियमाचे वजन किंचित बदलले की जाडी बदलते.

२०१२ मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या तुलनेत फ्रीसर्फरच्या ४.३.१, ४.५.० आणि ५.० या आवृत्त्यांनी त्याच चित्रांवर जाडीत सरासरी २.८ टक्के फरक दाखवला. २.५ मिलिमीटरवर हा फरक ०.०७ मिलिमीटर होतो. मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावरही आकडे हलले. 'अमुक केल्याने मेंदू जाड झाला' अशा बातम्यांतला फरक अनेकदा याच मापाचा असतो.

म्हणून सगळी चित्रे एकाच आवृत्तीवर, एकाच ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवावीत. बदलायचेच असेल तर जुनी चित्रेही पहिल्यापासून पुन्हा चालवावीत. त्यानंतर जाळी चित्रावर ठेवून डोळ्यांनी तपासावी. नेहमीची चूक मेंदूभोवतीच्या ड्युरा या आवरणाची: टी-१ मध्ये त्याचा उजेड राखाडीच्या जवळपास असल्याने बाहेरचे जाळे त्यात शिरते आणि जाडी फुगते. टी-२ (द्रव उजळ दाखवणारे) चित्र सोबत दिले तर ड्युरा वेगळा ओळखता येतो. पांढऱ्या द्रव्याचा तुकडा सुटला असेल, तर त्यात कंट्रोल पॉइंट ('हे पांढरे द्रव्यच' असे सांगणारी खूण) टाकून तेवढा टप्पा पुन्हा चालवावा.

डोके हलल्याचा दोष मात्र कोणत्याही आवृत्तीने पुरता जात नाही. हललेल्या चित्रात कॉर्टेक्स पातळ मोजला जातो, आणि लहान मुले व रुग्ण जास्त हलतात. निरोगी प्रौढांशी त्यांची तुलना करण्याआधी अशी चित्रे वगळावी लागतात.