चिकन सॅलड सँडविच: पाकिटात काय, पोटात काय

जळगाव-भुसावळच्या दुकानांत आमचं थंड चिकन सँडविच उचलताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "भाऊ, हे डाएटचं आहे ना?" नावात सॅलड आहे, तळलेलं काही दिसत नाही, म्हणजे हलकंच असणार, असा समज. तो अर्धाच खरा आहे. म्हणून पाकिटाचा हिशेब इथे मांडतो.

पाकीट 170 ग्रॅमचं. गव्हाच्या ब्रेडचे दोन स्लाइस 60 ग्रॅम, उकडून पिंजलेलं बोनलेस चिकन 60 ग्रॅम, पत्ताकोबी, काकडी आणि शिमला मिरची मिळून 30 ग्रॅम, आणि मेयोनीज 20 ग्रॅम. आता कॅलरी बघा. ब्रेडच्या साधारण 150, चिकनच्या 100, भाज्यांच्या दहासुद्धा नाहीत आणि मेयोच्या 140. एकूण 400च्या आसपास. वजनात सगळ्यात कमी असलेला मेयो चिकनला मागे टाकतो, कारण पूर्ण फॅटचा मेयो म्हणजे मुख्यतः तेल. शंभर ग्रॅममध्ये सत्तरच्या वर ग्रॅम तेलच. पाकिटातल्या सुमारे 19 ग्रॅम फॅटपैकी 15 ग्रॅम एकट्या मेयोचं आहे.

म्हणूनच आमच्याकडे मेयो अंदाजाने लावत नाहीत. स्लाइस काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, 20 दिसले की हात थांबवायचा. हात सैल सुटून 35 ग्रॅम गेलं तर शंभर कॅलरी वाढतात आणि आमचंच लेबल खोटं ठरतं. काकडीही किसून, मीठ न लावता, फडक्यात दाबून घेतो. नाहीतर दुपारपर्यंत ब्रेडचा लगदा होतो.

जमेची बाजू प्रथिनांची. एका पाकिटात सुमारे 24 ग्रॅम, त्यातली 18-19 ग्रॅम चिकनची. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीप्रमाणे 65 किलोच्या पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे निम्म्याच्या जवळपास गरज एका पाकिटात भागते. जिमला जाणारी पोरं आमच्याकडे येतात ती यासाठीच, आणि त्यांचं चुकत नाही. फक्त वरून "एक्स्ट्रा मेयो" मागितला की तो हिशेब बिघडतो.

रक्त वाढावं म्हणून चिकन सँडविच घेणाऱ्यांनी मात्र थोडं थांबावं. चिकनच्या छातीच्या मांसात लोह शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमच्या आसपासच असतं. बाजरीत ते सहा मिलिग्रॅमच्या वर आहे. मांसातलं लोह अंगी जास्त लागतं हे खरं, पण तेवढ्यासाठी घरची भाकरी सोडू नये.

लेबल वाचताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, आमचं असो की दुसऱ्या कुणाचं. कॅलरी 100 ग्रॅमच्याही छापलेल्या असतात. आमच्या लेबलवर तो आकडा 235च्या आसपास दिसेल आणि जीव सुखावेल, पण आपण शंभर ग्रॅम खाऊन उरलेलं परत ठेवत नाही. पूर्ण पाकिटाचा आकडा बघा. शेजारी टक्के दिसले तर तेही वाचा. ते 2000 कॅलरी, 67 ग्रॅम फॅट आणि 2000 मिलिग्रॅम सोडियम असा दिवस धरून काढतात. त्या मापाने आमचं एक पाकीट कॅलरीत वीस टक्के आणि फॅटमध्ये अठ्ठावीस टक्के होतं.

मिठाचं तर विचारूच नका. ब्रेड कुणाला खारट लागत नाही, पण दोन स्लाइसमध्ये अडीचशेच्या वर मिलिग्रॅम सोडियम असतं. चिकन उकडतानाचं मीठ आणि मेयोतलं धरून पाकिटात सुमारे 640 मिलिग्रॅम, म्हणजे दीड ग्रॅमहून थोडं जास्त मीठ. दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम. बीपीची गोळी चालू असेल तर सोबत शेव, वेफर्स घेऊ नका. आपल्याकडे शेव कशावरही पडते, सँडविचवरसुद्धा टाकणारे आम्ही पाहिलेत! मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेवेने आणखी दीडशेच्या वर कॅलरी वाढतात.

फायबर चार ग्रॅमच्या आतच आहे, फार नाही. दुकानातला ब्रेड तपकिरी दिसला म्हणून गव्हाचा समजू नका, रंग कॅरॅमलचा, म्हणजे करपवलेल्या साखरेचाही असतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात; पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो मैद्याचाच ब्रेड.

कमी फॅट हवं असेल त्यांच्यासाठी आम्ही मेयोऐवजी दह्याचा चक्का आणि मोहरी लावून दुसरं सँडविच करतो. तेवढ्याने शंभराहून जास्त कॅलरी उतरतात. चव आंबटसर आहे, सगळ्यांना रुचत नाही, आणि ते त्याच दिवशी संपवावं लागतं.

आता उन्हाचं. थंड सँडविच 5 अंशांच्या आत राहिलं पाहिजे. फ्रिजबाहेर दोन तास चालतं, पण हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. खानदेशात मार्चपासून पाऊस येईपर्यंत एकच तास धरा. गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नको. मे महिन्यात 44-45 अंशांत उभ्या गाडीची डिक्की बाहेरच्या हवेपेक्षाही तापते. असं तापलेलं सँडविच पुन्हा गार करून किंवा तव्यावर भाजून सुधारत नाही, कारण काही जंतूंचं विष उष्णतेनेही जात नाही. वासही येईलच असं नाही. लोक दोष मेयोला देतात, पण कंपनीच्या बाटलीतल्या मेयोत व्हिनेगर असल्याने त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. नाजूक असतं ते शिजलेलं चिकन आणि चिरलेली भाजी. कच्च्या अंड्याचा घरगुती मेयो ही वेगळी गोष्ट; त्यावर तेलंगणाने 2024 मध्ये आणि तमिळनाडूने 2025 मध्ये बंदी घातली. आम्ही तो वापरत नाही.

बर्ड फ्लूची बातमी आली की विचारणा वाढते. 2006 साली कोंबड्यांमधली देशातली पहिली लागण आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडली, ते इथले लोक विसरलेले नाहीत. तो विषाणू 70 अंशांना नीट शिजवल्यावर मरतो. आमच्याकडे सगळ्यात जाड तुकड्यात थर्मामीटरची सुई खुपसून 74 अंश दिसल्याशिवाय चिकन पातेल्यातून बाहेर निघत नाही.

गरोदर बायकांनी हे सँडविच घेऊ नये, असंच आम्ही सांगतो. थंड, तयार मांसाहारी सॅलडमध्ये लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजमध्येही वाढू शकतो, आणि तो पोटातल्या बाळाला धोक्याचा असतो. विक्री गेली तरी चालेल. अंडं, गहू, दूध यांची ॲलर्जी असेल तर पाकिटामागची ठळक ओळ आधी वाचा.

सोबत काही घ्यायचंच असेल तर कोल्ड्रिंकऐवजी केळं घ्या. 300 मिलीच्या बाटलीत तीसेक ग्रॅम साखर असते, केळ्यात शंभरेक कॅलरींसोबत फायबरही मिळतं, आणि जळगावात केळी शोधायला लांब जावं लागत नाही.

पाकीट फुगलेलं असेल, आत पाणी सुटलेलं असेल किंवा तारीख उलटली असेल तर चाखून बघू नका. बॅच नंबरसकट दुकानदाराकडे परत द्या, बदलून मिळेल.