दोन फुटी टाकीत पाणी किती?

क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील दुकानांत मासे पाळण्याची काचेची टाकी फुटांवर मागितली जाते आणि फुटांवरच विकली जाते. ‘दोन बाय एक बाय एक’ एवढे सांगितले की काम होते. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, म्हणून या टाकीत ५६.६ लिटर पाणी मावते असा हिशेब ग्राहक मनाशी करतो आणि पुढे कित्येक वर्षे तोच आकडा धरून चालतो. माशांच्या औषधाच्या बाटलीवरील मात्रा मात्र पाण्याच्या दर लिटरमागे दिलेली असते, टाकीच्या आकाराप्रमाणे नव्हे. महापालिकेच्या पाण्यातील क्लोरीन काढण्यासाठी जे ‘अँटी-क्लोरीन’ टाकतात, त्याचेही तेच. मनाशी धरलेला आकडा आणि टाकीतील खरे पाणी यांमधील तफावत वाटते त्यापेक्षा बरीच मोठी असते.

पहिली वजाबाकी काचेची. दुकानातील मापे बाहेरून घेतलेली असतात. काच ५ मिलिमीटर जाडीची असेल, तर लांबी आणि रुंदी प्रत्येकी १ सेंटिमीटरने कमी होतात आणि उंचीतून तळाच्या काचेची जाडी जाते. उरलेली आतील मापे साधारण ६० गुणिले २९.५ गुणिले ३० सेंटिमीटर भरतात. सेंटिमीटरमधील तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला १००० ने भागले की लिटर मिळतात, म्हणजे येथे ५३. दुसरी वजाबाकी पातळीची. टाकी काठोकाठ कोणी भरत नाही. वर ४ सेंटिमीटर जागा सोडली तर ७ लिटर आणखी गेले आणि उरले ४६.

तिसरी वजाबाकी खड्यांची, आणि खरी गंमत तेथेच आहे. तळाशी ५ सेंटिमीटर जाडीचा थर दिला, तर तो सुमारे ९ लिटर जागा व्यापतो. पण त्या थरात खड्यांच्या मधल्या फटींतही पाणी असते, त्यामुळे सगळे ९ लिटर वजा करणे चूक ठरते. फटींचे प्रमाण घरीच मोजता येते. एक लिटरच्या मापात कोरडे खडे काठापर्यंत भरावेत आणि पाणी वर दिसू लागेपर्यंत दुसऱ्या मापाने ओतत जावे. ४०० मिलिलिटर पाणी मावले, तर ४० टक्के फटी आणि ६० टक्के दगड असा अर्थ होतो. साधारण एकसारख्या गोल खड्यांत हे प्रमाण याच्याच आसपास येते. म्हणजे ९ लिटरच्या थरातील खरा दगड ५.३ लिटरच. वजनकाटा हाताशी असेल तर याहून सोपी वाट आहे. बहुतेक दगडांची घनता दर लिटरला २.६ किलोच्या आगेमागे असते, म्हणून कोरड्या खड्यांच्या किलोंना २.६ ने भागले की ते किती लिटर पाणी बाजूला सारतील ते कळते. शोभेसाठी ठेवलेल्या मोठ्या दगडांनाही हाच नियम लागू होतो. सच्छिद्र लाव्हा खडकाला मात्र तो लावू नये, कारण त्याच्या पोकळ्यांत काही पाणी शिरते आणि काही शिरत नाही.

सर्व वजाबाक्या झाल्यावर ५६.६ लिटरच्या त्या टाकीत सुमारे ४०.५ लिटर पाणी उरते. ५६.६ लिटर धरून औषध टाकले, तर पाण्यातील त्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी वाढते. ताम्रयुक्त औषधांच्या बाबतीत हे विशेष धोक्याचे आहे, कारण परजीवी मारणारी आणि माशांना बाधणारी मात्रा यांत अंतर फार कमी असते. गोगलगायी आणि कोळंबी तर तांब्याने त्याआधीच दगावतात. परदेशी औषधांवर मात्रा गॅलनमध्ये छापलेली असेल तर गोंधळात भर पडते, कारण अमेरिकी गॅलन ३.७९ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा असतो.

पुढची काच वक्र असलेल्या टाक्यांसाठी प्राचीन ग्रीक गणिती आर्किमिडीज उपयोगी पडतो. परवलयाच्या (पॅराबोलाच्या) कमानीचे क्षेत्रफळ तिला वेढणाऱ्या आयताच्या दोन-तृतीयांश असते, हे त्याने बावीसशे वर्षांपूर्वी सिद्ध केले. टाकीची काच बहुधा वर्तुळाच्या कंसाची असते, तरी बाक उथळ असेल तर फरक नगण्य राहतो. आयताकृती भागाचे पाणी वेगळे काढावे आणि त्यात काचेची रुंदी, बाकाची खोली व पाण्याची उंची यांच्या गुणाकाराचे दोन-तृतीयांश मिळवावेत. षटकोनी टाकीसाठी बाजूचा वर्ग गुणिले उंची गुणिले २.६ हे सूत्र पुरते. बाहेर बसवलेल्या कॅनिस्टर फिल्टरमधील पाणीही मोजायला हवे, कारण औषध तेथेही पोहोचते.

टाकी नव्याने भरायची असेल, तर बादल्या मोजत भरणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. मात्र बादलीवर लिहिलेले लिटर काठापर्यंतचे असतात आणि काठापर्यंत भरलेली बादली कोणी उचलत नाही, तेव्हा एक लिटरच्या बाटलीने पाणी ओतून आतून खूण करून घ्यावी. नळाखाली एक लिटर भरायला किती सेकंद लागतात ते पाहून वेळेवरून हिशेब करण्याची युक्तीही काही जण सुचवतात. मुंबईत ती जपून वापरावी. थेट नळाचा दाब पाणी येण्याच्या वेळेत सारखा बदलत असतो. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब त्या मानाने स्थिर असतो.

टाकी आधीच सजवून भरलेली असेल तर? अशा वेळी मिठाच्या विरळीकरणाची पद्धत कामी येते. नदीनाल्यांचा प्रवाह मोजताना जलशास्त्रज्ञ याच तत्त्वाचा आधार घेतात. घरी ती मासे सोडण्याआधी करावी आणि नाजूक वनस्पती असतील तर टाळावी. टाकीतील एक लिटर पाणी बाटलीत बाजूला काढून ठेवावे. टाकीतूनच घेतलेल्या आणखी थोड्या पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवून एक लिटर द्रावण करावे, त्यातील १०० मिलिलिटर राखून उरलेले ९०० मिलिलिटर टाकीत ओतावे आणि फिल्टर तासभर चालू ठेवावा. मग टीडीएस मीटर, म्हणजे पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारा मीटर, टाकीत बुडवून आकडा पाहावा. जलशुद्धीकरण यंत्रवाल्यांमुळे हे पेनासारखे उपकरण आता परिचयाचे झाले आहे. त्यानंतर राखलेले द्रावण सिरिंजने बाटलीतील एक लिटर पाण्यात थेंबाथेंबाने सोडत, दर वेळी ढवळून, मीटरवर तोच आकडा येईपर्यंत जावे. २२ मिलिलिटर लागले, तर ९०० भागिले २२, म्हणजे टाकीत सुमारे ४१ लिटर पाणी.

या पद्धतीचे सौंदर्य असे की मीठ अचूक तोललेले नसले आणि मीटर थोडा चुकीचा दाखवत असला, तरी उत्तर बिघडत नाही, कारण दोन्हीकडे तेच द्रावण आणि तोच मीटर असल्याने त्या चुका परस्पर कटतात. दोन्ही पाण्यांचे तापमान तेवढे सारखे हवे; एका अंशाने विद्युतवाहकता सुमारे २ टक्के बदलते.

वजनाचा प्रश्न आला की हाच हिशेब उलटा फिरतो. औषधासाठी खडे वजा करायचे, जमिनीवरच्या भारासाठी मिळवायचे. ४०.५ किलो पाणी, १४ किलो खडे आणि ९ किलोहून थोडी जास्त काच मिळून दोन फुटी टाकी ६४ किलोंची होते, म्हणजे पाण्याच्या ५६.६ किलोंच्या ढोबळ अंदाजापेक्षा जड. टाकी कितीही लांब असो, तिच्याखालच्या दर चौरस मीटरवर पडणारा पाण्याचा भार फक्त उंचीवर ठरतो, दर सेंटिमीटरला १० किलो. दोन फूट उंच टाकीखाली तो ६०० किलोंच्या घरात जातो, आणि घरांच्या मजल्यांसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा (माणसे, सामान यांचा) भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो आहे. हा आकडा सगळ्या खोलीभर पसरलेल्या भाराचा असल्याने काँक्रीटच्या इमारतीत लहान टाकीची चिंता नसते. चार फुटी टाकी भिंतीलगत, शक्यतो तुळईवर यावी. जुन्या चाळींत, जेथे मजले लाकडी वाशांवर उभे आहेत, तेथे टाकी वाशांना आडवी ठेवावी, म्हणजे तिचा भार एकाच वाशावर न पडता अनेकांत वाटला जातो, आणि मोठ्या टाकीच्या बाबतीत खरेदीआधीच स्थापत्य अभियंत्याला विचारून घ्यावे.